हात वर

लालबागच्या गिरणीच्या गेटवर संपासाठी हात वर करायला सांगितलं, तेव्हा एकट्या धाकूचे हात खालीच राहिले.

"उचलतच नाय रे," तो म्हणाला.

मालकाचा माणूस म्हणून सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडाला काळं फासलं. तो तिथंच कोसळला.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "यांची प्रतिकारशक्ती यांच्याच स्नायूंवर उलटलीय. म्हणून हात उचलले जात नाहीत. हृदयही स्नायूच. त्याचेही ठोके चुकतायत."

खाटेभोवती तीच मंडळी माना खाली घालून उभी होती. पुढारी विठोबाने घसा खाकरला.

"काळं कोणी फासलं? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. विठोबाचाही.

धाकूने सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, ह्या रोगाची लागण होते काय हो?"