मधली जागा

निवृत्त जनरल मुहसिन गरबावींनी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध निवडणुकीचा अर्ज भरला, तेव्हापासून नाईलकाठच्या मशिदीत त्यांच्या दोन्ही बाजू ओस पडल्या. शेजारी उभा राहील त्याचं नाव वर, सरकारकडे जातं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

जुम्म्याला इमाम गरजले, "अरे, खांद्याला खांदा लावा! फटीत सैतान शिरतो." कुणी हललं नाही. शेवटी एकच जण सरकला, त्यांच्यावर पाळत ठेवणारा शाबान.

नमाज संपताना दोन्ही बाजूंना मान वळवून करायचा सलाम आला; जनरलांचा उजवीकडचा सलाम रिकाम्या चटईवर पडला, डावीकडचा शाबानच्या खांद्यावर.

"वेड्या, आज वर कुणाचं नाव कळवशील?" जनरल पुटपुटले.

"माझंच, पाशा. जुम्म्याच्या दिवशी खोटं कुठे बोलू?"