किटबॅगचा एक स्टार

"तुम्ही चोराला पाठीशी घालताय," आशाने ॲपवाल्या कंपनीला लिहिलं. "ज्यानं माझी किटबॅग हातात धरली नाही, त्यालाही स्टार द्यायची मुभा का? कोण आहे तो? नाव सांगा."

हे सातवं पत्र. आधीच्या सहाही पत्रांना यंत्राने एकच उत्तर पाठवलं होतं: आपलं मत मोलाचं आहे. मोलाचं, म्हणे.

देवळाली कॅम्पात तिचं शिलाईचं दुकान. पूर्वी जवान दारात येऊन किटबॅग घ्यायचे. आता जोधपूर, तेजपूरहून मोबाईलवर मागवतात. त्यावरच तिने दोन बायका कामाला ठेवल्या होत्या.

पण नवी बॅग ॲपवर चढली, की पाच मिनिटांत एक स्टार पडायचा. सोबत एक शब्द नाही. पुढे घेणारे पाच-पाच देत, पण डाग राहायचा. दुकानाची सरासरी घसरत बरोबर चारवर आली होती. चारच्या खाली गेली, की दुकान ॲपवरून उडणार होतं.

तिचा संशय समोरच्या सनीवर होता. तोही बॅगाच विकायचा.

शनिवारी तिने पोरीला न्हाऊ घातलं, गालाला तीट लावली आणि दुकान उघडलं. सासूबाई, कुसाबाई, दाराची लिंबू-मिरची बदलत होत्या. बॅगांचे फोटो काढायचं कामही त्यांचंच. आशानेच त्यांना फोन शिकवला होता. त्यांनी नव्या बॅगेचा फोटो काढला, आशाने तो ॲपवर चढवला आणि तडक सनीच्या दुकानात जाऊन हात पुढे केला.

"फोन दे. दहा मिनिटं माझ्याकडे राहील."

सनी हसला. "घ्या वहिनी. बायकोचा आला तर तुम्हीच बोला."

चौथ्या मिनिटाला तिचा स्वतःचा फोन वाजला. एक स्टार. सरासरी तीन पूर्णांक नऊ. सनीचा फोन तिच्या मुठीत होता.

तो परत देऊन ती रस्ता ओलांडून आली. "दुकान गेलं," तिने सासूबाईंना सांगितलं. "आणि हा सनी नाही. मग कोण, ते शोधल्याशिवाय मी आता सोडणार नाही, पोलिसांतही जाईन."

कुसाबाईंनी चष्मा काढला.

"समदे पाच-पाच चांदण्या देतेत, नजर नाय लागणार? पोरीच्या गालाला तू रोज तीट लावते, मंग तुझ्या मालाला मी लावली तर माझं काय चुकलं, सांग?"