वेष्टनातली खुर्ची

प्रशासकांच्या नव्या खुर्चीवरचं प्लास्टिक डाव्या हाताच्या टोकाशी सुटलं होतं. तिथे हवेचा एक फुगा धरला होता. दार उघडं असलं की पंख्याच्या वाऱ्याने तो हळूच वर यायचा, पुन्हा बसायचा. खुर्चीत कोणी श्वास घेतंय असं वाटावं. बाकी खुर्ची कोरी होती.

बाई आल्या आल्या काचेतून तेवढं बघायच्या आणि नोंदणी विभागातल्या आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन बसायच्या.

“चहा आत ठेवू की इथेच?” मावशींनी रोजच्यासारखं विचारलं.

“इथेच.”

“आत धूळ बसलीय हो. किती पुसायची?”

“बसू द्या, मावशी,” शेजारच्या टेबलावरून लांब्या म्हणाला. “कोणीतरी बसतंय हे काय कमी आहे?”

बाई हसल्या नाहीत.

संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. इंटरनेटवर यायचं तर यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. आसपासच्या देशांना ते पत्ते वाटायचे आणि कुठला पत्ता कुणाचा याची नोंद ठेवायची. पत्ते संपत आले तशी त्यांना सोन्याची किंमत आली, आणि कुंपणच शेत खाऊ लागलं. जुन्या संचालकांनी कोणी विचारणार नाही असे पत्ते हेरून ते परस्पर आपल्या माणसांच्या नावावर चढवले. बोभाटा झाला, मंडळ मोडलं, कोर्टाने त्याच्या जागी प्रशासक नेमला.

तेव्हापासून इथे एक पद्धत पडली. नोंद बदलायची तर चिठ्ठी, फोन, ईमेल काही चालत नसे. ज्याला अधिकार आहे त्याने इंजिनिअरच्या, म्हणजे लांब्याच्या, टेबलापाशी यायचं, माइकसमोर आपलं पद सांगायचं आणि निर्णय स्वतःच्या तोंडाने बोलायचा. उद्या कोणी ‘तो मी नव्हेच’ म्हणू नये, हा हेतू. पहिल्या दोन प्रशासकांनी तोंड उघडलं; जुन्या संचालकांच्या वकिलांनी त्यांच्या राहत्या घरांवर दावे ठोकले. एकाने राजीनामा दिला, दुसऱ्याने अंथरूण धरलं. तिसऱ्या नेमणुकीनंतर माइकचा तांबडा दिवा लागलाच नव्हता.

“तू यात पडू नकोस,” सकाळी बाईंचे यजमान बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले होते. “डोक्यावर छप्पर एकच आहे आपल्याला.”

फोन वाजला. धाकटी बहीण. ती एका मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळायची.

“ताई, झालं का गं काही?”

“अर्ज प्रशासकांकडे आहे.”

“महिनाभर हेच ऐकतेय मी! आमचे पत्ते ज्याने लाटलेत, तो आज दुपारी ते स्वतःकडे वळवून घेणार आहे. डोंगरातले सगळे दवाखाने आंधळे होतील. तिथल्या बाळंतिणींना आमच्या डॉक्टर पडद्यावरूनच बघतात, माहितेय ना तुला?”

“माहितेय.”

“‘पत्ते रुग्णालयाला परत करा.’ एवढंच म्हणायचंय. मुका आहे का तो माणूस?”

“घाबरत असेल.”

“मग खुर्ची घेतली कशाला? बांगड्या भरल्यात का हातात?”

बाईंनी मनगटावरची बांगडी मागे सारली. “असतील.”

“थट्टा सुचतेय तुला. ओळख आहे ना तुझी? समजावून सांग की.”

“रोज सांगते गं.”

“मग?”

“ऐकत नाही.”

धाकटीने फोन आदळला.

“बाई,” लांब्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “प्रशासक आज तरी येणार का? नाही, मी आपलं विचारतो. माइकला गंज चढायचा.”

“वकिलांचं मत यायचंय.”

“वकिलांचं काय जातंय! कोंबडं झाकून ठेवायचेच पैसे मिळतात त्यांना.”

बाईंनी समोरचा कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. एका वाक्याने घर जातं. वाक्य बोललं नाही तर काय जातं, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. हे गणित त्यांना पाठ झालं होतं.

दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी धाकटीच्या आवाजात चढउतार नव्हता.

“लाइन गेली.”

“कधी?”

“मघाशी. एक बाळंतीण टेबलावर होती. डॉक्टर इथून सांगत होत्या आणि अर्ध्या वाक्यात पडदा काळा झाला. तिथे नर्स एकटी.”

“आणि?”

“आई वाचली.”

बाईंनी पुढचं विचारलं नाही. धाकटीनेही सांगितलं नाही.

“त्या प्रशासकाला कळव, ताई. अजून तिकडे दोघी खोळंबल्यात म्हणावं. त्याला कळू तरी दे.”

“कळलंय,” बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन बंद केला नाही. तसाच हातात धरून उठल्या. काचेपलीकडे तो फुगा वर आला, खाली बसला. मावशी कपबशा उचलता उचलता थांबल्या.

बाई लांब्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याने मान वर करून पाहिलं. तोंडावर आलेला विनोद त्याने गिळला आणि बटण दाबलं. तांबडा दिवा लागला.

“ताई? आहेस का गं?” हातातल्या फोनमधून धाकटी विचारत होती.

बाई माइककडे वाकल्या.

“मी, या संस्थेची प्रशासक. ते पत्ते रुग्णालयाला परत करा. निर्णय माझा आहे.”