सात तुकड्यांची किटली

"‘फुटलेली’ हा शब्द आधी काढ, वहिनी," नणंद म्हणाली. "फुटक्या किटलीवर बोली कोण लावणार? लोक काय खुळे आहेत?"

"तो शब्द राहील," डिंकी म्हणाली.

डिंकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरात काहीही फुटलं की ही डिंकाची बाटली घेऊन हजर, म्हणून पडलेलं नाव. पन्नाशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं.

वीस वर्षं तिने जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून चिनी मातीची भांडी जोडली. पुढे मालक तीच भांडी ‘अखंड’ म्हणून विकायचा. गिऱ्हाइकाला कधी शंकासुद्धा आली नाही. एकदा एका बाईने तिनेच जोडलेली बशी तिच्यादेखत उचलली आणि म्हणाली, "बघा, जुन्या वस्तू कशा टिकतात!" मालक हसला. डिंकीला हसू आलं नाही. वीस वर्षं काम केलं आणि केलं म्हणून सांगायची सोय नाही, हे तिला आतून खात होतं. गेल्या महिन्यात तिने नोकरी सोडली. जोडलेली वस्तू जोडलेली म्हणून विकायची, आणि तीही स्वतःच्या नावावर, एवढंच तिला हवं होतं.

नणंद लिलावाच्या साइटवर हातविणीचे स्वेटर विकायची. चारशे विक्र्या, तक्रार एकही नाही. त्यामुळे गुरूचा मान तिचा.

"नियम नीट ऐक," ती म्हणाली. "नव्या विक्रेत्याच्या पहिल्या पाच विक्र्या परीक्षेच्या. त्यात एक तक्रार जरी खरी ठरली, तरी खातं बंद. कायमचं. मग तू पुन्हा मागच्या खोलीत."

"ऐकलं."

"आणि फोटोत तर सांधा कुठे दिसणारही नाही. मग सांगून आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतेस?"

"अगं, सांधाच तर विकतेय मी. किटली काय, कुठेही मिळेल."

"निदान तुकड्यांचा फोटो तरी काढून ठेवायचास."

ते मात्र राहून गेलं होतं. तुकडे समोर आले की डिंकीला तहानभूक आठवत नसे, तिथे फोटो कुठला आठवायला!

शेवटी तिने खिडकीपाशी उजेडात किटलीचे सहा फोटो काढले आणि खाली मजकूर तसाच ठेवला: ‘फुटलेली, जोडलेली चिनी मातीची चहाची किटली. पडून सात तुकडे झाले होते. मी हाताने जोडली आहे. तोटीजवळचा तुकडा नखाएवढा आहे. शोभेसाठी ठेवावी, गरम पाणी ओतू नये.’ नणंदेने कपाळावर हात मारला, पण बटण तिनेच दाबून दिलं.

दोन दिवस कुत्रं फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "खरंच सात तुकडे?" डिंकीने सातही तुकडे कुठून कुठवर होते ते सविस्तर लिहून पाठवलं. त्यानंतर बोली लागली. मग दुसरी, तिसरी. लिलाव संपला तेव्हा रक्कम पाहून नणंद म्हणाली, "एवढ्यात तर माझे चार स्वेटर जातात!" आणि उठून वहिनीला मिठी मारली. डिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. किंमत तिने वाचलीच नव्हती. खाली आलेलं ‘फुटलेली, जोडलेली किटली: विकली’ हेच ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

खोक्यात खोकं घालून, मध्ये कागदाचे बोळे कोंबून तिने पार्सल बांधलं. नणंदेने ते कानाशी धरून हलवून पाहिलं. आतून हूं की चूं नाही.

पार्सल पोचलं. घेणाऱ्याचा शेरा मात्र येईना. डिंकी स्वयंपाक करता करता ओल्या हाताने फोन बघायची. सहाव्या दिवशी लाल अक्षरं आली: ‘तुमच्याविरुद्ध तक्रार. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.’

तिने नणंदेला फोन केला. ती चपला न बदलताच आली.

"गरम पाणी ओतलं असणार मेल्याने," ती धापा टाकत म्हणाली. "सांधा सुटला. दुसरं काय?"

तोटीजवळचा तो नखाएवढा तुकडा डिंकीने तीनदा काढून तीनदा बसवला होता. तोच असेल का? तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मान हलवली.

"माझा सांधा सुटणार नाही," ती म्हणाली.

"वहिनी, हट्ट सोड. पैसे परत कर, माफी माग. तक्रार मागे घेतली तर खातं वाचेल."

"मागेन माफी. चुकले असेन तर हजारदा मागेन. पण काय सुटलंय ते आधी कळू दे. तू वाच, माझा धीर होत नाही."

नणंदेने फोन हातात घेतला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचू लागली:

"बाई, मी भांडी जोडण्याचं काम शिकवतो. सात तुकड्यांचं सांधकाम विद्यार्थ्यांना दाखवावं म्हणून तुमची किटली घेतली. तीन दिवस भिंगाखाली धरून इंच न् इंच तपासली. फुटका माल धडका म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ पाहिले, पण धडका माल फुटका म्हणून विकणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मला फसवू नका. तीस वर्षं मी फुटकी भांडी हाताळतोय; ही किटली जन्मात कधी फुटलेली नाही."