कमरेचा पट्टा

सासूबाई गेल्या ते साल दोन हजार आठ. त्यांच्या भारी देहाला चार वर्षं उठवता-बसवता जिजींची कंबर कामातून गेली होती. डॉक्टरांनी दिलेला पट्टा आवळताना त्यांनी ठरवलं, माझ्या सुनेवर ही वेळ येऊ द्यायची नाही. साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, रोज तासभर चालल्या आणि अठ्ठ्याहत्तर किलोंवरून पन्नासवर आल्या. पट्टा कपाटात गेला.

"अगं, फुंकर मारली तर उडशील," नवरा, म्हणजे नाना, पुन्हा वाढून घेत हसायचे.

"तुम्हीही जरा आवरा."

"मला काय धाड भरलीय?"

पंधरा वर्षांनी एका सकाळी नाना न्हाणीघरात पडले. जिजींनी काखेत हात घालून जीव खाऊन ओढलं, पण ते तसूभरही हलले नाहीत. सून कामावरून येईपर्यंत दोघं ओल्या फरशीवर बसून होती.

नाना आता अंथरुणावरच असतात. त्यांना कुशीवर वळवायला, उठवून बसवायला सूनच लागते. जिजी उशी तेवढी सरकवतात.

परवा त्यांनी कपाटातला तो पट्टा काढला आणि स्वतःच्या हातानं सुनेच्या कमरेला बांधला.