साधी पानं

जुन्या अंकांची वेबसाइट बनवण्याच्या खटाटोपातून ग्रंथपाल निमकर मॅडमना ना बढती मिळणार होती, ना शाल-श्रीफळ. मिळालंच तर एवढंच, की कॉलेजचं संशोधनाचं त्रैमासिक बंद पडणार नव्हतं.

ग्रंथालयात तपासणी समिती बसली होती. इंटरनेट गेलं होतं आणि अंक दाखवायला उपप्राचार्यांनी हौसेनं आणलेल्या चकचकीत पोर्टलचं पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

"जुने अंक दिसलेच नाहीत, तर त्रैमासिक बंद करा असंच लिहावं लागेल," अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी स्वतः बनवलेल्या वेबसाइटचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला.

"अहो, इंटरनेट नाहीये!" उपप्राचार्य खेकसले.

"हिला लागत नाही, सर. साधी पानं आहेत, वहीसारखी उघडतात."

बावीस वर्षांचे अंक धडाधड उघडले. अध्यक्ष एका पानावर थबकले. "बाजरीवरचा हा लेख मी कधीपासून शोधतोय! प्रत मिळेल?"

"लेखच कशाला, सगळी साइट न्या की!"

समितीतल्या तिघांनीही ती उतरवून घेतली. त्रैमासिक बंद पडण्यापासून वाचलं. त्यापायी मॅडमचे दोन वर्षांचे रविवार गेले, आणि उपप्राचार्यांना चारचौघांत म्हणावं लागलं, "मॅडम, मलाही शिकवा."