रबराखालचा पांढरा

हौसरावांनी व्हॅनच्या दाराचं रबर नखानं उचकटलं, खाली बघितलं आणि नुसतं "हं" केलं. निळ्या रंगाखाली पांढरा होता.

पाव्हणे ओसरीवर बसले होते. दौंडचे म्हस्कू, त्यांची बायको वच्छलाबाई आणि मुलगा शंभू. मुलगी बघायला आलेल्यांना ओसरीवर ताटकळत ठेवून यजमानानं त्यांची गाडी चाचपत फिरायचं, हे निमोण्यात एकाच दारात घडायचं. शिरूरच्या स्टँडमागं, एसटीडी बूथशेजारी बसून हौसरावांनी जन्मभर जुन्या गाड्यांची दलाली केली होती. माणसाचं तोंड काहीही बोलतं, पत्रा बोलतो ते खरं, असं त्यांचं म्हणणं. सुषमासाठी आलेली तीन स्थळं त्यांनी अशीच पत्र्यावरून वाटेला लावली होती.

"आबा, आज गाडीपाशी जाऊ नका," सुषमा सकाळीच म्हणाली होती. "माणसं बघा."

"माणसं काय बघायची? धुतलेली कापडं घालून येत्यात सगळी."

हे स्थळ त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं काढलेलं. ती असताना त्यांनी ते उडवून लावलं होतं. ड्रायव्हरला पोरगी देत नसतो, एवढं बोलून ते जेवायला बसले होते. ती परत बोलली नाही. पुढं दुखणं वाढलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला, आळंदीला माउलीचं दर्शन घ्यायचं. लेकीला घेऊन गेली आणि संध्याकाळी एका पांढऱ्या व्हॅनमधून फाट्यावर उतरली. हौसराव तिथंच पानाच्या टपरीवर होते. कुणाची गाडी, असं त्यांनी विचारलं. वाटंत मिळाली, असं ती म्हणाली. भाड्याचं खटारं, डावा कोपरा चेपलेला, एवढं त्यांनी लांबूनच पाहून ठेवलं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आळंदीतला तिचा फोटो आता ओसरीवर होता, हार घातलेला. अंगावर जरीची साडी, तोंडभर हसू. केसांत मात्र बारीक तांबूस ठिपके. "फोटोवाल्याला धड फोटो धुवायची अक्कल न्हाई," हौसराव येईल त्याला सांगायचे. तिच्यामागं घर चालवणं त्यांना जमलं होतं. त्या फोटोसमोर बसून जेवणं अजून जमत नव्हतं. एकदा बघा तरी, आईच्या मनातलं स्थळ हाय, असं सुषमा म्हणाली म्हणूनच आज पाव्हण्यांना निरोप गेला होता.

"म्हस्कूराव, या की जरा हिकडं," हौसरावांनी हाक मारली. "गाडी निळीच घेतली व्हती?"

म्हस्कूनं मुलाकडं पाहिलं. "व्हय. म्हंजी, निळीच."

"मग ह्या दिव्याच्या रबरावर शिंतोडं कसलं? कंपनीत रंगाची पंचमी खेळत्यात का?"

 शंभू उठून अंगणात आला. हौसरावांनी डाव्या कोपऱ्यावर बोटाचं पेर वाजवलं. पत्रा ठणकला नाही, बद्द वाजला. "लांबी भरलीय. पोचा बुजवलाय." मग ते पाठीमागं गेले. "आन् ही कंपनीच्या नावाची पट्टी काढून परत चिकटवलीय. वाकडी. पेचकसानं उचकटली व्हय?"

"दोऱ्यानं कापली," शंभू म्हणाला.

"वा. त्येवढं तरी येतंय."

सुषमा चहा घेऊन आली. ट्रेमध्ये एकच कप कोऱ्या, बिनदुधाच्या चहाचा होता. तो शंभूनं न विचारता उचलला. वच्छलाबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "पाव्हणं, गाडी ऱ्हाऊ द्या. पोराला काय इचारायचं ते इचारा."

"पोराला काय इचारू? गाडीला रंग देऊन आणलीय, पोराला काय देऊन आणलाय ते तुम्हीच सांगा."

कुणी हसलं नाही. हौसरावांनाच बरं वाटलं. ते मागच्या काचेशी वाकले. "पत्रा रंगवता येतो. काच न्हाई रंगवता येत. हितं अक्षरं व्हती, पुसून काढल्यात." त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला आणि ते ताठ झाले. "आरं, ही तर वरातीची गाडी. नवरा-नवरीची नावं चिकटवत्यात, तीच ही जागा. काय रं, तुझं आधी एक लगीन झालंय व्हय?"

शंभूनं कप ओसरीच्या कडेला ठेवला.

"आबा, पुरं करा," सुषमा म्हणाली.

"तू गप. तुझी आय भोळी. तिला ह्यांनी गुंडाळलं. मला कोण गुंडाळतंय बघतो."

"आबा, नका," शंभू म्हणाला.

"मला आबा म्हनू नगंस. ओसरीवर जाऊन बस, तुझ्या पहिल्या बायकूचं नाव आता तुझ्या आयबापासमोर वाचतो."

मार्गशीर्षातली सकाळ होती, काच गारठलेली. गोंद कितीही खरडला तरी वाफेला तो कळतो, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी तोंड काचेजवळ नेलं आणि ऊर भरून श्वास सोडला. काच पांढरी झाली. 'शंभू' उमटलं. त्यांनी वळून सगळ्यांकडं पाहिलं, बघा म्हणाले, आणि शेजारी दुसरा श्वास सोडला.

'सुषमा.'

वाफ विरेपर्यंत ते वाकलेलेच राहिले. मग सावकाश त्यांनी मान ओसरीकडं वळवली. कस्तुराबाई जरीच्या साडीत हसत होती, आणि तिच्या केसांत अक्षता होत्या.